दात काढल्यानंतरची गुंतागुंत कशी ओळखावी आणि रुग्णाची काळजी कशी घ्यावी : नवोदित दंतशल्यचिकित्सकांसाठी

मुखशल्यचिकित्सा विभागात नव्याने काम सुरू करणाऱ्या डॉक्टरचे सारे लक्ष स्वतःच्या हातांवर असते. दात सैल करणारा एलिव्हेटर कुठे टेकवावा, दात पकडणारा फोर्सेप्स किती खोल सरकवावा, जोर कोणत्या दिशेने द्यावा, याच विचारात पहिले काही महिने जातात, आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र रुग्णाला पुढे जो त्रास होतो, त्यातील मोठा भाग खुर्चीवर बसवण्यापूर्वी न विचारलेल्या प्रश्नांतून आणि खुर्चीवरून उठवल्यानंतर न सांगितलेल्या सूचनांतून निर्माण होतो. म्हणून दात कसा काढावा हे या लेखात सांगितलेले नाही. दात काढण्याच्या आधी आणि नंतर काय करावे, एवढाच त्याचा विषय आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. प्रत्येक गुंतागुंतीची आपली एक वेळ असते. दुखण्याची तीच तक्रार पहिल्या रात्री आली तर तिचा अर्थ एक असतो, चौथ्या दिवशी आली तर दुसरा आणि तिसऱ्या आठवड्यात आली तर तिसराच. त्यामुळे रुग्णाचा फोन आला की पहिला प्रश्न ‘कुठे दुखते’ हा नसावा, ‘दात काढून किती दिवस झाले’ हा असावा.

शस्त्रक्रियेपूर्वी

‘तुम्हाला काही आजार आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक रुग्ण ‘नाही’ असे उत्तर देतात, कारण गोळीने आटोक्यात असलेला रक्तदाब त्यांच्या लेखी आजारच नसतो. त्याऐवजी ‘रोज कोणत्या गोळ्या घेता?’ असे विचारावे आणि शक्य असेल तर गोळ्यांची पाकिटेच आणायला सांगावी. त्यापुढे ‘वर्षातून किंवा सहा महिन्यांतून एखादे इंजेक्शन घेता का?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा. हाडे ठिसूळ झाल्यामुळे बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब घेणारे रुग्ण अशा इंजेक्शनला औषध समजत नाहीत आणि म्हणून सांगत नाहीत. या औषधांमुळे दात काढल्यानंतर जबड्याचे हाड न भरता उघडे राहू शकते आणि त्याचा काही भाग मृत होऊ शकतो. कर्करोगासाठी हीच औषधे मोठ्या मात्रेत दिली जातात, तेव्हा हा धोका बराच वाढतो. डोके किंवा मान यांवर पूर्वी किरणोपचार झाले असतील, तर तेही इथेच कळले पाहिजे, कारण किरणोपचारांनंतर हाडाचा रक्तपुरवठा घटतो आणि तो धोका वर्षानुवर्षे कायम राहतो. असा रुग्ण नवोदिताने एकट्याने हाताळू नये.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. एक-दोन दात काढण्यासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल बंद करू नये. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाची आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासणी शस्त्रक्रियेच्या आधीच्या २४ तासांत करावी. एरवी ती स्थिर राहत असेल, तर ७२ तासांपर्यंतची चालते. आयएनआर ४ पेक्षा कमी असल्यास औषध चालू ठेवूनच दात काढता येतो. अपिक्साबॅन, डॅबिगाट्रान यांसारख्या नव्या औषधांबाबत साधा दात काढायचा असेल, तर सहसा बदल लागत नाही; रक्तस्राव जास्त होण्याची शक्यता असलेली शस्त्रक्रिया असेल, तर त्या दिवशीचा सकाळचा डोस वगळावा की नाही, हे औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. हिरडीतून होणारा रक्तस्राव आपल्याला दिसतो आणि दाबून थांबवता येतो. औषध अचानक थांबवल्यामुळे हृदयात किंवा मेंदूत झालेली गुठळी मात्र आपल्या हाताबाहेरची असते. अशा रुग्णाची वेळ सकाळची आणि आठवड्याच्या सुरुवातीची द्यावी, म्हणजे रक्त पुन्हा सुरू झालेच, तर ते दवाखाना उघडा असताना होईल.

हृदयात कृत्रिम झडप असलेले, पूर्वी हृदयाच्या आतील अस्तराला जंतुसंसर्ग होऊन गेलेले आणि काही ठरावीक जन्मजात हृदयदोष असलेले रुग्ण अशा सर्वाधिक धोका असलेल्यांनाच प्रतिजैविकाची आधीची मात्रा लागते. प्रौढ रुग्णाला ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, शस्त्रक्रियेच्या ३० ते ६० मिनिटे आधी, तोंडाने द्यावे. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना पूर्वी क्लिंडामायसिन दिले जात असे, परंतु अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये ती शिफारस मागे घेतली. मधुमेही रुग्णाला उपाशी बोलावू नये. नेहमीचे जेवण आणि नेहमीचे औषध घेऊन त्याने सकाळी यावे. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल आणि तातडीची गरज नसेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी.

खालच्या अक्कलदाढेचा एक्स-रे वाचताना मुळांचा आणि खालच्या जबड्यातील मज्जातंतूच्या नळीचा संबंध शांतपणे पाहावा. मुळावर नळी ओलांडते तिथे मूळ काळसर दिसणे, नळीची पांढरी रेघ मध्येच तुटणे आणि नळीने अचानक वळण घेणे, या तीन खुणांपैकी एकही दिसली तर सीबीसीटी स्कॅनचा (जबड्याचे त्रिमितीय चित्र देणाऱ्या एक्स-रेचा) विचार करावा आणि वरिष्ठांना विचारावे. अशा वेळी मुळे जागेवर ठेवून फक्त दाढेचा वरचा भाग काढण्याचा पर्यायही असतो. ओठ किंवा जीभ काही काळ, क्वचित कायमची, बधिर राहू शकते, हे रुग्णाला आधी सांगितले तर ते त्याला समजते. नंतर सांगितले तर तीच गोष्ट त्याला सबब वाटते, आणि त्याला दोष देता येत नाही.

चुकीचा दात काढला जाणे ही पूर्णपणे टाळता येण्याजोगी चूक आहे, तरीही ती घडते. पहिली दाढ पूर्वीच काढलेली असेल आणि दुसरी दाढ पुढे सरकून तिच्या जागी आली असेल, तर मोजताना हमखास गोंधळ होतो. दात सरळ करण्याच्या उपचारांसाठी निरोगी दात काढायचा असेल, तेव्हा तर चुकीच्या दाताकडे बोट दाखवणारी कीडही नसते. इंजेक्शन देण्यापूर्वी दाताचा क्रमांक नोंदीतून मोठ्याने वाचावा, सहायकाने एक्स-रेवर आणि रुग्णाने आरशात तो दाखवावा. फोर्सेप्स लावण्यापूर्वी हेच पुन्हा एकदा करावे.

खुर्चीवर

बधिरीकरणाच्या औषधाची मर्यादा मिलिग्रॅममध्ये ठरलेली असते आणि आपण ते मिलिलिटरमध्ये देतो, म्हणून हिशेब आधीच करून ठेवावा. २ टक्के लिग्नोकेनच्या १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या ॲड्रेनलिनसह दिल्यास मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ७ मिलिग्रॅम आणि एकूण ५०० मिलिग्रॅम मानली जाते. ॲड्रेनलिनशिवाय ती दर किलोमागे ४.४ मिलिग्रॅम आहे. लहान मुलांसाठी हाच कमी आकडा धरावा, म्हणजे २० किलो वजनाच्या मुलाला ८८ मिलिग्रॅम, अर्थात ४.४ मिलिलिटर. हृदयविकार असलेल्या रुग्णात ॲड्रेनलिनची एकूण मात्रा ०.०४ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. १:८०,००० च्या (म्हणजे ८०,००० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम असलेल्या) द्रावणात ती मर्यादा सुमारे ३ मिलिलिटरमध्येच गाठली जाते, तर १:२,००,००० च्या द्रावणात ८ मिलिलिटरपर्यंत मुभा मिळते. सुई योग्य जागी पोहोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहावे आणि मगच औषध सावकाश सोडावे.

इंजेक्शननंतर रुग्ण पांढरा पडला, त्याला घाम फुटला आणि नाडी मंदावली, तर बहुधा ती भीतीने आलेली भोवळ असते. खुर्ची आडवी करून पाय उंच करावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावे आणि ऑक्सिजन द्यावा. एक-दोन मिनिटांत तो सावरतो. गरोदरपणाचे अखेरचे महिने असतील, तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावे. आडवे केल्यावरही तो लवकर सावरला नाही, तर भोवळीचे निदान सोडून द्यावे आणि रक्तातील साखर, हृदय व ॲलर्जी यांचा विचार सुरू करावा. अंगावर गांधी, ओठांना सूज, श्वासात घरघर आणि घसरणारा रक्तदाब ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. त्यावर प्रौढ रुग्णाला १:१००० ॲड्रेनलिनचे ०.५ मिलिलिटर मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ताबडतोब द्यावे, रुग्णवाहिका बोलवावी आणि सुधारणा नसेल, तर ५ मिनिटांनी तीच मात्रा पुन्हा द्यावी. अँटिहिस्टॅमिन आणि स्टेरॉइड शोधण्यात ही मिनिटे घालवू नयेत.

दात किंवा मूळ पकडीतून निसटून दिसेनासे झाले, तर रुग्णाला लगेच उठवून बसवू नये. जिभेखाली, गालाच्या फटीत, गॉजमध्ये आणि सक्शनच्या बाटलीत शोधावे. तरीही सापडले नाही, तर रुग्ण खोकत नसला तरी छातीचा एक्स-रे काढलाच पाहिजे, कारण श्वासनलिकेत गेलेला दात काही वेळा सुरुवातीला काहीच त्रास देत नाही.

वरच्या दाढांची मुळे सायनसच्या, म्हणजे वरच्या जबड्याच्या हाडातील हवेच्या पोकळीच्या, अगदी लगत असतात. काढलेल्या दाढेच्या मुळाला हाडाचा पातळ तुकडा चिकटून आला किंवा दाताच्या रिकाम्या खळग्यातून हवेचे बुडबुडे दिसले, तर तोंड आणि सायनस यांच्यात वाट तयार झाली आहे असे समजावे. छिद्र आहे का हे पाहण्यासाठी खळग्यात शलाका घालू नये, त्याने लहान छिद्र मोठे होते. साधारण २ मिलिमीटरपर्यंतचे छिद्र रक्ताची गुठळी टिकली तर आपोआप भरते. २ ते ६ मिलिमीटरच्या छिद्रावर जिलेटिन स्पंज ठेवून इंग्रजी आठच्या आकाराचा टाका घालतात. त्याहून मोठे छिद्र हिरडीचा पडदा सरकवून बंद करावे लागते, आणि ते काम अनुभवी हातांचे आहे. अशा रुग्णाने दोन आठवडे नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवावे, स्ट्रॉने काही पिऊ नये आणि धूम्रपान करू नये.

हाड कापताना पुढच्या दिशेने हवा सोडणारा हँडपीस वापरल्यास ती हवा ऊतींमध्ये शिरू शकते. गाल क्षणात फुगतो आणि हाताला चुरचुर जाणवते. काम थांबवून रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवावे, आणि छातीत दुखू लागले किंवा श्वास लागला, तर रुग्णालयात पाठवावे.

घरी पाठवताना

माझ्या सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग मी विसरू शकत नाही. अक्कलदाढ काढलेल्या एका रुग्णाला मी सर्व सूचना नीट, क्रमाने सांगितल्या, पण त्याच्या तोंडात गॉज होता, पाय थरथरत होते आणि त्याला फक्त बाहेर पडायचे होते. त्याने त्याच संध्याकाळी जोरजोराने गुळण्या केल्या आणि रात्री तोंडभर रक्त घेऊन तो परत आला. तेव्हापासून सूचना सोबतच्या व्यक्तीलाही सांगाव्या, कागदावर लिहून द्याव्या आणि दोन महत्त्वाच्या सूचना रुग्णाकडून परत वदवून घ्याव्या, हा माझा नियम आहे.

रक्त थांबल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय रुग्णाला सोडू नये. पहिले २४ तास गुळण्या, जोराने थुंकणे, स्ट्रॉ आणि धूम्रपान टाळावे, कारण खळग्यातील रक्ताची गुठळी हेच त्या जखमेचे खरे मलम असते. पहिल्या दिवशी बाहेरून थंड शेक २० मिनिटे द्यावा आणि तेवढाच वेळ थांबून पुन्हा द्यावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या सुरू कराव्या आणि बाकीचे दात नेहमीप्रमाणे घासावे. वेदनाशामकाची पहिली मात्रा बधिरपणा उतरण्यापूर्वी घेतली तर ती अधिक उपयोगी पडते. पॅरासिटामॉल १ ग्रॅम आणि आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम ही जोडी बहुतेक प्रौढांना पुरते. पॅरासिटामॉल २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये. मूत्रपिंडाचा विकार, जठरातील व्रण, ॲस्पिरिनने उद्भवणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधे किंवा गरोदरपण असेल, तर आयब्युप्रोफेन टाळावे. बधिरपणा काही तास टिकतो आणि तेवढ्या वेळात मुले ओठ चावून मोठी जखम करून घेतात, हे पालकांना स्पष्ट सांगावे.

पहिली रात्र : रक्तस्राव

‘रक्त थांबत नाही’ असा फोन आला, तर घाबरण्याआधी दोन गोष्टी विचाराव्या : थुंकीत लाल छटा आहे, की तोंड ताज्या रक्ताने वा गुठळ्यांनी भरते आहे? लाळेत मिसळलेले थोडे रक्तही पुष्कळ वाटते. रुग्णाला ताठ बसायला सांगावे, तोंडातील गुठळ्या काढायला सांगाव्या आणि ओल्या गॉजची किंवा स्वच्छ कापडाची जाड घडी नेमकी खळग्यावर ठेवून घड्याळ लावून ३० मिनिटे, मध्ये एकदाही न उघडता, दाबून धरायला सांगावी. बहुतेक वेळा ही घडी शेजारच्या दातांवर टेकलेली असते आणि खळग्यावर दाब पडतच नाही.

एवढ्याने थांबले नाही, तर रुग्णाला त्याच वेळी पाहावे. चांगला प्रकाश आणि सक्शन घेऊन रक्त नेमके कुठून येते ते शोधावे. खळग्याच्या दोन्ही बाजूंची हिरडी बोटांनी दाबल्यावर रक्त थांबले, तर ते हिरडीतून येत आहे आणि टाके घालावे. दाबूनही थांबले नाही, तर ते हाडातून येत आहे. अशा वेळी ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज किंवा जिलेटिन स्पंज खळग्यात भरून वरून टाका घालावा आणि गुठळी टिकवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडमध्ये भिजवलेला गॉज दाबून धरायला द्यावा. ॲड्रेनलिनसह इंजेक्शन दिल्याबरोबर रक्त थांबते आणि आपण निश्चिंत होतो, पण औषधाचा परिणाम ओसरला की ते पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून टाके घातल्यानंतरही रुग्णाला काही वेळ बसवून ठेवावे. नाडी जलद चालत असेल, चेहरा फिका असेल किंवा सगळे करूनही रक्त सुरू असेल, तर रक्ततपासणीसह रुग्णालयात दाखल करावे.

दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत

सूज ४८ ते ७२ तासांपर्यंत वाढते आणि मग ओसरू लागते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी गाल मोठा दिसतो म्हणून प्रतिजैविक देण्याची गरज नसते. तिसऱ्या दिवसानंतर सूज उलट वाढू लागली, ताप आला किंवा पू दिसला, तर मात्र तो जंतुसंसर्ग आहे असे समजून रुग्णाला पाहावे आणि पू असेल, तर तो बाहेर काढावा. साचलेल्या पुवावर नुसत्या गोळ्या पुरत नाहीत.

तोंड कमी उघडणे हीदेखील या दिवसांतील नेहमीची तक्रार आहे. सुई लागलेला किंवा शस्त्रक्रियेने दुखावलेला चावण्याचा स्नायू आखडतो. बाहेरून ऊबदार शेक, वेदनाशामक आणि दिवसातून अनेकदा हळूहळू तोंड उघडण्याचा व्यायाम यांनी ते काही दिवसांत सुधारते. रोज किती मिलिमीटर उघडते ते मोजून लिहावे, कारण सुधारण्याऐवजी ते कमी होत गेले, तर खोलवरच्या जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो.

ड्राय सॉकेटची, म्हणजे खळग्यातील गुठळी निघून जाऊन हाड उघडे पडण्याची, वेळ याच दिवसांतली. पहिले एक-दोन दिवस बरे वाटते आणि मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत जाणारी, झोप उडवणारी, नेहमीच्या गोळीने न थांबणारी कळ सुरू होते. खळगा रिकामा दिसतो, करडे हाड उघडे असते, तोंडाला दुर्गंधी येते, पण ताप आणि पू नसतो. खालच्या अक्कलदाढेनंतर, धूम्रपान करणाऱ्यांत, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत आणि दात काढताना बरीच ओढाताण झाली असेल तेव्हा हे अधिक आढळते. कोमट सलाइनने खळगा हळुवार धुवावा आणि युजेनॉल असलेली वेदनाशामक पट्टी सैलसर ठेवावी. बहुतेक रुग्णांना काही मिनिटांत आराम पडतो. गॉजची पट्टी एक-दोन दिवसांनी बदलावी लागते आणि शेवटी काढून घ्यावीच लागते, म्हणून ती ठेवल्याची नोंद करावी. खळगा खरवडून रक्त काढण्याचा जुना प्रघात सोडावा, त्याने उघडे हाड आणखी दुखावते. ताप नसताना प्रतिजैविकाचाही उपयोग नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने उघडा खळगा धुतल्यावर जीवघेणी ॲलर्जी झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, म्हणून त्यासाठी सलाइनच वापरावे. रुग्ण या दुखण्याने हैराण झालेला असतो आणि आपला दात चुकीचा काढला गेला असे त्याला वाटत असते. त्याला बसवून, हे काय आहे आणि किती दिवसांत बरे होईल, हे सांगण्यात घालवलेली पाच मिनिटे पट्टीइतकीच मोलाची असतात.

एका परिस्थितीत मात्र बसून समजावण्याइतका वेळ नसतो. जबड्याखालची सूज दोन्ही बाजूंना पसरली आहे आणि लाकडासारखी कडक लागते, जीभ वर उचलली गेली आहे, लाळ गिळता येत नाही, आवाज घोगरा आणि जड झाला आहे, रुग्ण आडवा होण्यास नकार देतो, अशी लक्षणे दिसली तर ही लुडविग्स अँजायना, म्हणजे तोंडाच्या तळाशी वेगाने पसरणारा जंतुसंसर्ग, आहे. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये तिचे वर्णन केले, आणि आजही ती श्वासमार्ग बंद करून जीव घेते. तोंडात हात घालून तपासण्यात किंवा ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढण्यात वेळ दवडू नये. रुग्णाला बसलेल्या स्थितीतच ठेवून, ऑक्सिजन देत, श्वासनलिकेत नळी घालण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे आणि शक्यतो डॉक्टरने सोबत जावे.

एक आठवड्यानंतर

सातव्या ते दहाव्या दिवशी अचानक रक्त आले, तर ते पहिल्या रात्रीच्या रक्तासारखे नसते. खळग्यातील जंतुसंसर्गाने गुठळी विरघळलेली असते, त्यामुळे दाब आणि टाक्यांबरोबर जंतुसंसर्गावरही उपचार करावे लागतात. खालची अक्कलदाढ काढल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काहीतरी चावताना कट्‌कन आवाज झाला आणि दात नीट जुळेनासे झाले, तर जबड्याचे हाड मोडले असण्याची शक्यता असते आणि लगेच एक्स-रे काढावा. बराच भाग हाडात असलेली खोल दाढ काढली असेल, तर रुग्णाने काही आठवडे मऊ अन्नच घ्यावे, ही सूचना याचसाठी असते. औषधांचा किंवा किरणोपचारांचा इतिहास असलेल्या रुग्णात आठ आठवड्यांनंतरही हाड उघडे दिसत असेल, तर खरवडण्याचा मोह टाळून त्याला तज्ज्ञांकडे पाठवावे.

ओठ किंवा जीभ बधिर राहिल्याची तक्रार दुसऱ्या दिवशीही कायम असेल, तर ‘येईल हळूहळू’ असे म्हणून रुग्णाला परत पाठवू नये. कापसाचा हलका स्पर्श आणि टोकदार वस्तूची टोचणी यांनी बधिर भागाची सीमा शोधावी, ती चेहऱ्याच्या आकृतीवर रेखावी आणि तारीख घालावी. ठरावीक अंतराने हीच तपासणी करून आकृत्या शेजारी ठेवल्या की बधिर भाग आकसतो आहे की नाही, हे रुग्णालाही दिसते. खालच्या ओठाची संवेदना बऱ्याचदा काही आठवड्यांत ते महिन्यांत परत येते. जिभेच्या मज्जातंतूच्या बाबतीत मात्र तीन महिन्यांत काहीच बदल दिसला नाही, तर मज्जातंतू जोडण्याचा अनुभव असलेल्या शल्यचिकित्सकाकडे पाठवण्यास उशीर करू नये, कारण दुरुस्ती जितकी लांबेल, तितकी संवेदना परत येण्याची शक्यता कमी होत जाते.